लेकरू हललं, पुन्हा मोजा

माझा मोबाईल नंबर जगातल्या किती वजनकाट्यांमध्ये जाऊन बसला आहे, हे मला आजही सांगता येणार नाही. तो तिथे मीच घातला. वजनकाट्यांसाठी लिहिलेलं एक लहानसं सॉफ्टवेअर मी इंटरनेटवर सगळ्यांना फुकट वापरायला ठेवलं, तेव्हा त्याच्या माहितीच्या शेवटी लिहिलं, ‘अडचण आल्यास फोन करावा’, आणि खाली नंबर टाकला. मला वाटलं, वापरून वापरून किती जण वापरतील? वाशीममधले चार अडते, रिसोडचे दोन. पण वस्तू फुकट आणि वर चालणारी म्हटल्यावर ती कुठल्या कुठे पोचते. मग फोन सुरू झाले.

एकदा मी जेवायला बसले होते. पलीकडून आवाज आला, “मॅडम, आमचा काटा चार किलो जास्त दाखवून राह्यला.”

मी विचारलं, “काट्यावर काय ठेवलंय?”

“काहीच नाही. रिकामा हाय.”

“जाऊन बघा बरं.”

गृहस्थ गेले, आले आणि जरा खालच्या आवाजात म्हणाले, “मांजर बसेल हाय.”

असे फोन मी वर्षानुवर्षं घेतले. घरचे म्हणायचे, नंबर काढून टाक. मी काढला नाही आणि त्याबद्दल आज मी देवाचे आभार मानते. का, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण शेजारच्या काकूंना गेली वीस वर्षं मी कॉम्प्युटर दुरुस्त करते असंच वाटत आलं आहे. माझ्या कामाला आमच्या धंद्यात लायब्ररी लिहिणं म्हणतात. पुस्तकांशी त्याचा संबंध नाही. सोयाबीनच्या अडत्याला पावती छापणारा प्रोग्राम लागतो, दूध डेअरीवाल्याला दुसरा लागतो, भंगारवाल्याला तिसरा. पण तिघांनाही काट्याला वजन विचारावं लागतं. आणि काटे भलतेच आडमुठे असतात. प्रत्येक कंपनीचा काटा तारेतून वेगळ्या पद्धतीनं आकडे पाठवतो. कोणी आधी ग्रॅम सांगतो, कोणी आकडे उलटे पाठवतो, एक तर सोमवारी चालू केला की दहा मिनिटं काहीच पाठवत नसे. ही सगळी कटकट कोणीतरी एकदाच, नीट निस्तरून ठेवली, तर बाकीच्यांना ती पुन्हा करावी लागत नाही. ते तयार काम दुसऱ्यानं उचलायचं आणि आपल्या प्रोग्राममध्ये बसवायचं. अशा तयार कामाला लायब्ररी म्हणतात.

माझ्या लायब्ररीचं नाव मी ‘मापारी’ ठेवलं, कारण माझे बाबा मापारी होते. जऊळक्याला, स्टेशनजवळच्या एका अडत्याकडे त्यांनी हयात घालवली. लोखंडी तराजू होता तेव्हापासून ते तिथे होते. पोतं चढलं की ते दांडीकडे बघत उभे राहायचे. हमाल घाई करायचे, अडत्या घाई करायचा, शेतकरीही मनात घाईच करत असायचा. दांडी थरथरत असली की बाबा हात वर करून म्हणायचे, “काटा बोल्ला नाही.” बस. तो हात खाली येईपर्यंत कोणी पोतं हलवत नसे. दिवसाच्या पहिल्या मापाला ते ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, मग दोन, मग तीन. सगळेच मापारी तसं म्हणतात. पण बाबा ते असं म्हणायचे की शेतकऱ्याला बरं वाटायचं.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि वाशीमला काटे विकणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात लागले. तिथूनच हे वेड लागलं.

चांगली लायब्ररी कशी असावी, यावर जाडजूड ग्रंथ आहेत. मला बाबांकडून शिकलेलं तेवढं पुरलं. बाहेरच्या माणसानं वापरायच्या आज्ञा कमीत कमी ठेवायच्या. माझ्या तीनच होत्या: काटा जोड, शून्य कर, वजन दे. चौथी घालायची वेळ आली की मी दोन-दोन महिने टाळाटाळ करत असे. नाव वाचून माणसाला जे वाटेल, तेच त्या आज्ञेनं करायला हवं. आणि एकदा लोक तिच्यावर विसंबले की मनाला आलं म्हणून तिचं वागणं बदलायचं नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याला आपलं गिऱ्हाईक समोर दिसतं. लायब्ररी लिहिणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. आपलं काम कोण, कुठे, कशात बसवेल याचा पत्ता लागत नाही, म्हणून जास्त सांभाळून लिहावं लागतं. हे मी तरुण लोकांना मोठ्या तोऱ्यात शिकवत असे.

‘वजन दे’ या आज्ञेच्या पोटात काय चालायचं, तेवढं सांगते, कारण पुढे त्याचंच रामायण झालं. काटा सेकंदाला आठ-दहा वेळा आकडा पाठवतो. पोतं आदळलं की आकडा खालीवर नाचतो आणि मग बसतो. ओळीनं काही आकडे सारखे आले की माझी लायब्ररी समजायची, वजन ठरलं, आणि ते सांगून टाकायची. पाच सेकंदांत आकडा बसला नाही तर ती सांगायची, ‘वजन ठरलं नाही.’ बाबांचा वर केलेला हातच मी लिहून काढला होता, असं म्हणायला हरकत नाही.

मग एका सोयाबीनच्या हंगामात एका अडत्याच्या दिवाणजींचा फोन आला. ट्रकांची रांग, हमाल घामेजलेले, एक पोतं उतरतं न उतरतं तोच दुसरं चढतं. आकडा बसायला सवड मिळेना आणि प्रोग्राम सारखा अडून राही.

“मॅडम, तुमचा मापारी लय अडेल हाये. दर चौथ्या पोत्याले ‘ठरलं नाही, ठरलं नाही’ करते. इथं हमाल मले शिव्या देऊन राह्यले.”

मी तिथे गेले. पाहिलं. सगळी पोती एकाच मापानं भरलेली, अगदी सारखी. मला वाटलं, खरंच की, अडायचं कशाला? मी एक ओळ घातली: वजन ठरलं नाही, तर आधीचं ठरलेलं वजन दे. मध्ये काटा रिकामा होऊन शून्य आलं तर ते वजनात धरू नकोस. काम सुरळीत चालू लागलं. दिवाणजींनी चहा पाजला, कौतुक केलं. त्या सुधारणेसह लायब्ररीची नवी आवृत्ती मी इंटरनेटवर चढवली. माहितीपत्रात त्याबद्दल अर्धी ओळ लिहिली, तीही शेवटच्या पानावर.

बाबा तेव्हा थकले होते, पण कानांनी आणि डोक्यानं ठणठणीत होते. मी घरी येऊन मोठ्या उत्साहानं सांगितलं.

ते म्हणाले, “मंग काटा बोल्ला नाही, तवा तुया मापारीनं काय सांगतलं?”

“मागचं वजन.”

“मागचं वजन तं मागच्याचं हाये न वं, मंदे. ह्याचं कायचं?”

मी हसले. म्हटलं, बाबा, पोती सगळी सारखीच असतात हो. ते सुपारी कातरत राहिले.

देवानं मला आणखी एक सूचना दिली होती, पण तीही मी हसण्यावारी नेली. आमच्याकडे एका पुढाऱ्याची गूळतुला होती. पारड्यांच्या तराजूऐवजी आयोजकांना आधुनिक काही करायचं होतं, म्हणून मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आणि मागे पडद्यावर वजनाचा आकडा. प्रोग्राम कोणा हौशी माणसानं केलेला, आत अर्थातच माझी लायब्ररी. काटा तपासायला त्यांनी आधी साखरेचं पन्नास किलोचं पोतं ठेवलं. मग साहेब काट्यावर चढले. साहेब म्हणजे चांगले भरभक्कम. चढले आणि चहूबाजूंना हात जोडत वळत राहिले. एक क्षण स्थिर नाहीत. पडद्यावर आकडा आला, पन्नास किलो.

मांडवात मागून कोणीतरी ओरडलं, “साहेब, उपास करून राह्यले काय?” आणि असा हशा पिकला की खुद्द साहेबही पोट धरून हसले. गूळ मात्र पन्नास किलोच वाटला गेला.

हा किस्सा मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना रंगवून सांगितला. माणूस काट्यावर हलला आणि माझ्या लायब्ररीनं साखरेच्या पोत्याचं वजन त्याच्या नावावर खपवलं. गोष्ट माझ्या तोंडात होती, पण तिचा अर्थ डोक्यात शिरला नाही. बाबा त्या सुमारास गेले. नाहीतर त्यांनी तरी मला थांबवलं असतं.

एका वर्षी दसऱ्यानंतर, बुधवारी सकाळी फोन वाजला. बाईचा आवाज होता, ठाम.

“काट्यावाल्या मॅडम का? मी शेवंता राठोड. मानोऱ्याच्या इकडं आमचा तांडा हाये. अंगणवाडीची ताई हाये मी. तुमचा नंबर मले मोबाईलात सापडला.”

एका संस्थेनं अंगणवाड्यांना नवे काटे आणि त्याला जोडलेलं मोबाईल ॲप दिलं होतं. लेकरू काट्यावर ठेवायचं, वजन आपोआप मोबाईलमध्ये जातं आणि वयाप्रमाणे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग उमटतो. हिरवा म्हणजे लेकरू चांगलं, लाल म्हणजे धोक्यात. ते ॲप बनवणाऱ्या पुण्याच्या दोघा तरुणांनी माझी लायब्ररी वापरली होती. ॲपच्या अगदी आतल्या पानावर, कोणीही कधी उघडत नाही अशा ठिकाणी, माझं माहितीपत्र जसंच्या तसं चिकटवलेलं होतं. शेवंताबाईंनी ते उघडलं, तळापर्यंत वाचलं आणि नंबर गाठला.

“अकरा महिन्यांची पोरगी हाये, रोशनी. तुमच्या मशीननं आठ किलो चारशे सांगतलं. हिरवा आला. तिच्या आंधी एक पोट्टा मोजला, तो बी आठ किलो चारशे. आता सांगा, जुळे लेकरं बी असे सारखे भरतात का?”

मी काय म्हणाले, ते लिहायला आज लाज वाटते. मी म्हणाले, “ताई, काटा बिघडला असेल. बदलून मागा.”

“काटा नीट हाये. पोरगी नीट नाही.”

त्या बोलत राहिल्या. “मी रोज उचलतो न तिले. माया हाताले समजते. मंग ती झोपेल व्हती तवा आमच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाह्यली. पाच किलो आठशे भरली. पन दुकानातलं वजन कागदावर चालत नाही. अन् ॲपात महिन्याले एकच नोंद होते, एक डाव हिरवा आला का बंद. वरच्या मॅडमले सांगतलं तं म्हन्ते, मशीन चुकत नाही, तुमीच चुकल्या असान.”

“मग पुढच्या महिन्यात…”

“पुढच्या मयन्यात कुठं? रविवारी टोळी निघते. मायबाप ऊस तोडाले चालले, पोरगी संगं जाईन. चार-पाच महिने फडावर. हिरवं लेकरू दवाखान्यात कोनी ठेवून घेत नाही. लाल आलं तं मायसंगट ठेवतात, खाऊपिऊ घालतात. मॅडम, ते पोरगी तिकडून वापस येत नाही. मी सांगून ठेवतो तुमाले.”

फोन ठेवला आणि मी जागेवरच बसून राहिले. काय झालं असेल ते मला त्या घडीलाच कळलं होतं. आधी मुलगा, आठ किलो चारशे. मग काटा रिकामा, ते शून्य धरायचं नाही. मग रोशनी, रडणारी, हातपाय झाडणारी. वजन ठरलं नाही, तर आधीचं दे. ओळ माझीच होती, अक्षर न अक्षर आठवत होतं. मागचं वजन तं मागच्याचं हाये न वं, मंदे. बाबांचा तो आवाज कानात आला आणि मला रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मंगरूळपीरवरून मानोरा गाठलं, तिथून ऑटोनं तांड्यावर. एका खोलीची अंगणवाडी, भिंतीवर फळांची चित्रं. शेवंताबाई माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असतील. कपाळावर मोठं कुंकू, पदर खोचलेला. चहा आला, पण तो संपेपर्यंतही त्यांना दम निघत नव्हता. रोशनीला घेऊन तिची आई यमुना आली. पोरगी आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती आणि मला बघताच तिनं जो सूर लावला, तो काही थांबेना.

मी काटा माझ्या लॅपटॉपला जोडला. आधी तोच मुलगा ठेवला, गुबगुबीत, गंभीर चेहऱ्याचा. आठ किलो चारशे. त्याला उचललं. मग रोशनीला ठेवलं. तिनं पाय झाडले, कुशीवर वळली, यमुनाचं बोट ओढलं. पाच सेकंद झाले. पडद्यावर माझ्या डोळ्यांदेखत आकडा आला, आठ किलो चारशे.

शेवंताबाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही.

तिच्या त्या रडण्या-हलण्याचे सगळे कच्चे आकडे, पंधरा सेकंदांचे, मी लॅपटॉपमध्ये जमा करून ठेवले. मग यमुनानं तिला पाजलं, निजवलं. झोपलेल्या पोरीला अलगद काट्यावर ठेवलं. पाच किलो आठशे.

यमुना म्हणाली, “हिरवा आल्ता तवा आमी खुश झालतो, बाई. मी म्हनलं, दिसाले बारीक हाये, पन वजनाले चांगली हाये मायी पोरगी.” तिचा आवाज चढला नाही. ती मला काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तिथेच पायरीवर बसून मी ती ओळ काढून टाकली. दोन मिनिटांचं काम. पण शेवंताबाईंना तेवढ्यानं भागत नव्हतं.

“ते तुमचं नीट झालं. पन हिरव्याचं लाल कोन करन? तुमी लिहून द्या, का मशीन चुकलं म्हनून.”

खरं सांगते, मी कचरले. एका पोरीपुरतं लिहून द्यायचं नव्हतं. असं लिहून देणं म्हणजे त्या ॲपवर मोजलेल्या प्रत्येक लेकराचं वजन खोटं असू शकतं, असं माझ्या सहीनं कबूल करणं. माझी लायब्ररी चुकत नाही, हा माझा एवढ्या वर्षांचा डौल होता. दुसरं काय होतं माझ्याकडे?

“काहून थांबल्या?” त्यांनी विचारलं. “भेव लागते?”

“हो,” मी म्हणाले.

“मले बी लागलं व्हतं, वरच्या मॅडमले सांगाले. तरी सांगतलं न मी.”

त्यांनी आपल्या रजिस्टरमधलं एक पान फाडून माझ्यापुढे ठेवलं. मी लिहिलं: चूक काट्याची नाही, अंगणवाडीच्या ताईंची तर नाहीच, मी लिहिलेल्या लायब्ररीची आहे, लेकरू हललं तर आधीच्या लेकराचं वजन त्याच्या नावावर जातं, तरी सगळ्या लेकरांची वजनं पुन्हा घ्यावीत. खाली सही आणि तोच फोन नंबर. त्याचा फोटो काढून संस्थेला, पुण्याच्या त्या दोघांना आणि वरच्या मॅडमना पाठवला. दुपारी पुण्याहून फोन आला. तरुण बिचारे हादरले होते, पण टाळाटाळ त्यांनी केली नाही. त्यांचा एकच प्रश्न होता. वजन ठरलं नाही तर पडद्यावर काय दाखवायचं? ‘त्रुटी’ दाखवायचं का?

मी शेवंताबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “त्रुटी म्हनलं का मानूस घाबरते. खरं काय झालं ते लिवा न. लेकरू हललं. पुन्हा मोजा.”

तेच लिहिलं. एवढ्या वर्षांत मी शेकडो सूचना लिहिल्या असतील, इतकी नेटकी एकही जमली नव्हती. काय झालं ते कळतं, काय करायचं ते कळतं आणि दोष कोणाच्या माथी येत नाही.

शुक्रवारी संस्थेनं बंद झालेली नोंद पुन्हा उघडली, रोशनीचा रंग लाल झाला. शनिवारी यमुना तिला घेऊन दवाखान्यात दाखल झाली. रविवारी टोळी गेली. रोशनीचा बाप टोळीबरोबर गेला, या दोघी मागे राहिल्या. पोरगी दोन दिवस दूधही घेईना, तेव्हा शेवंताबाई तांड्यावरून रोज दवाखान्यात हेलपाटे घालत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, “खाल्लं बाप्पा पोरीनं.” मी देवापुढे साखर ठेवली.

त्या महिन्यात सगळ्या अंगणवाड्यांत लेकरांची वजनं पुन्हा घेतली गेली. हिरव्याची लाल झालेली रोशनी एकटी नव्हती. त्याआधीच्या महिन्यांत कोण लेकरं हिरवी म्हणून फडावर गेली, त्यांचं काय झालं, ते मला माहीत नाही. विचारायचा धीर मी कधी केला नाही. माझ्या कामातली ही एक गोष्ट अशी आहे की ती कुठल्याही सुधारणेनं दुरुस्त होत नाही, आणि ती माझ्याबरोबरच येईल.

लायब्ररीच्या सगळ्या वापरकर्त्यांना मी कळवलं, सगळ्यात वर स्वतःची चूक लिहून. काही जण रागावले. दिवाणजींचा फोन आलाच, “मॅडम, पुन्हा अडेल केला न मापारी!” मी म्हणाले, “हो दिवाणजी, आता तो अडेलच राहणार. हमालांना दोन सेकंद दम घेऊ द्या.” ते म्हणाले, “ठीक हाये, तुमी म्हन्ता तं.” दूरच्या एका देशातून गुरांच्या डॉक्टरचं पत्र आलं, की वासरं मोजताना असंच होत होतं आणि तो स्वतःलाच दोष देत होता. त्यानं आभार मानले. ते आभार शेवंताबाईंचे होते. मी फोन करून त्यांना सांगितलं. “वासरं?” म्हणून त्या खूप हसल्या.

यंदा मी काम थांबवलं. ‘मापारी’ दोघा तरुण जाणत्यांच्या हवाली केली. सगळं समजावून देताना त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, “मॅडम, चाचण्यांमध्ये ही पहिलीच फाइल ‘रोशनी’ नावाची का आहे?”

ते सांगायला हवं. लायब्ररीत कोणीही, जगात कुठेही बसून, एक अक्षर जरी बदललं तरी आधी तिला जुन्या परीक्षा द्याव्या लागतात. पूर्वी जिथे जिथे ती चुकली, ते सगळे प्रसंग तिच्यापुढे पुन्हा उभे केले जातात. त्यात पहिली परीक्षा रोशनीची आहे. आठ किलो चारशेच्या त्या मुलानंतर रोशनीचे ते पंधरा सेकंद, पाय झाडलेले, कुशीवर वळलेले, आकड्यांमध्ये जसेच्या तसे. दर वेळी ती पुन्हा काट्यावर ठेवली जाते आणि लायब्ररीला ‘वजन ठरलं नाही’ असं कबूल करावं लागतं. नाही केलं, तर तो बदल पुढे जात नाही. मी त्या मुलीला म्हटलं, काहीही बदला, ही फाइल काढू नका.

काम सोपवून झाल्यावर मी तांड्यावर गेले. शेवंताबाईंना भेटायचं होतं, आभार मानायचे होते, ते इतक्या वर्षांत नीट मानलेच नव्हते. त्यांनी मला बोलूच दिलं नाही, अंगणवाडीतच जेवायला वाढलं. मग कोणाला तरी हाक मारली आणि दोन वेण्या घातलेली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिसरीत आहे. आईबाप फडावर जातात तेव्हा ती आता आजीजवळ तांड्यावरच राहते, शाळा चुकवत नाही.

मी लॅपटॉप उघडून तिला तिची परीक्षा चालवून दाखवली. आकडे नाचत वर सरकले. लायब्ररीनं कबूल केलं, वजन ठरलं नाही. मग मी शेजारी अंगणवाडीचं ॲप उघडून तीच फाइल त्यातून चालवली आणि खाली ओळ आली. तिनं बोट ठेवून मोठ्यानं वाचली, “लेकरू हललं. पुन्हा मोजा.” आणि मला विचारलं, “कोन हललं?”

“तू.”

तिला ते पटलं नाही. “मी नाही हलत,” ती म्हणाली. “मंग मोजा न पुन्हा!”

ती स्वतःच कोपऱ्यातल्या काट्याकडे गेली, चपला काढल्या, वर चढली आणि हात मांडीला घट्ट लावून, श्वास रोखून उभी राहिली. शेवंताबाई वाकून आकडा बसायची वाट बघत होत्या. आकडा बसला. बावीस किलो शंभर. त्यांनी तो मोठ्यानं वाचला.

त्या दिवशी त्या काट्यावर चढलेली ती पहिलीच होती. मी म्हणाले, “लाभ.”